स्वयंदुवा
मजकुरातील संकेतस्थळाचा पत्ता ओळखून त्यावर टिचकी मारता येईल असा दुवा आपोआप तयार करण्याची सोय. महाजालाची मांडणी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये केली. दुवा हा तिचा कणाच होय.

प्रणाली साधारणपणे ‘एचटीटीपीएस’ ही सुरुवात शोधते आणि पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग पत्ता मानते. मराठीत इथेच अडते. शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटते. पत्त्याला ‘वर’ किंवा ‘मध्ये’ जोडले की तेही दुव्यात ओढले जाते. म्हणून पत्त्यानंतर जागा सोडणे इष्ट.

देवनागरी पत्त्यांची अडचण अधिक गंभीर आहे. बंगळूरमधील ‘बनशंकरी’ हे नाव पत्त्यात आले, तर केवळ रोमन अक्षरे जाणणारी प्रणाली त्याच्या अलीकडेच थांबते. अक्षरे ओळखणारी, पण अनुस्वार-मात्रा वेगळी चिन्हे मानून वगळणारी प्रणाली ‘बनश’पाशी दुवा तोडते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि टक्केचिन्ह-रूपात प्रत्येक बाइटाला तीन वर्ण लागतात. त्यामुळे सात चिन्हांचे हे नाव ६३ वर्णांचे होते. असा दुवा चालतो, पण वाचता येत नाही. वाचकावर हा अन्यायच आहे. मराठी विकिपीडियावर दुहेरी चौकटी कंसात नुसते शीर्षक लिहून अंतर्गत दुवा देता येतो, ही पद्धत अधिक सुबोध होय.

देवनागरी ‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झाले; जुन्या प्रणालींना ते पत्ता म्हणून ओळखताच येत नाही.