तळहाताला कळणारा रस्ता

इटलीतील ब्रेशिया या शहरातून १ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी एक चंदेरी मोटार रोमच्या दिशेने निघाली. तिच्या अंगावर ७२२ हा आकडा रंगविलेला होता. 'मिल्ले मिल्या', म्हणजे हजार मैल, या नावाच्या त्या शर्यतीत सुटण्याची वेळ हाच गाडीचा क्रमांक असे. मोटार मर्सिडीज कंपनीची ३०० एसएलआर. चालक होता पंचवीस वर्षांचा इंग्रज तरुण स्टर्लिंग मॉस, आणि शेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन नावाचा ठेंगणा, दाढीवाला पत्रकार. जेन्किन्सनच्या हाती एक पेटी होती. वाटेतील वळणे, पूल, चढ आणि खाचखळगे टिपून ठेवलेली सुमारे अठरा फूट लांबीची कागदाची गुंडाळी तिच्यात बसविलेली होती. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक वळणाची सूचना त्याने हाताच्या खुणेने द्यायची आणि मॉसने तिच्यावर विश्वास ठेवून, पुढचे काही दिसत नसतानाही, गाडी तशीच दामटायची, असा दोघांचा करार होता. वाटेत जेन्किन्सनचा चष्मा वाऱ्याने उडून गेला. परंतु शहाण्या माणसाप्रमाणे त्याने दुसरा बरोबर घेतलेला होता.

रोमला वळसा घालून ते दोघे १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांनी ब्रेशियास परतले. ताशी सरासरी १५७ किलोमीटरांहून अधिक वेग पडला होता, आणि तोही गावागावांतून जाणाऱ्या, दुतर्फा माणसे उभी असलेल्या सामान्य रस्त्यांवर! त्याच जातीची गाडी एकट्याने हाकणारा थोर फांजिओ अर्ध्या तासाहून अधिक मागे राहिला.

हा पराक्रम आज आठवण्याचे कारण केवळ वेग नव्हे. त्याहून कितीतरी अधिक वेगाने धावणाऱ्या मोटारी आज पैसे मोजणाऱ्या कोणासही मिळतात. परंतु मॉसचा तळहात आणि रस्ता यांच्यामध्ये पोलादी दांडे, दाते आणि रबरी टायर यांखेरीज कोणी नव्हते. अशा मोटारींना अलीकडे 'ॲनालॉग' म्हणतात. शब्द तितकासा नेमका नाही. काटे असलेल्या घड्याळाचे विशेषण गाडीला लावल्यासारखे ते वाटते. शिवाय जोपर्यंत सगळ्याच मोटारी तशा होत्या, तोपर्यंत या नावाची गरजही कोणाला पडली नव्हती.

वळणावर नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. गाडी वळू लागली की रस्त्याच्या घर्षणामुळे पुढची चाके पुन्हा सरळ होऊ पाहतात, आणि स्टिअरिंग चालकाच्या हातात ओढ घेऊ लागते. वेग वाढतो तशी ही ओढ वाढत जाते. परंतु टायरची पकड संपत आली की ती वाढण्याऐवजी कमी होऊ लागते आणि स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. गाडी अद्याप घसरलेली नसते. ती घसरणार आहे एवढे मात्र हाताला आधी कळते. डोळ्यांना हे दिसत नाही. पावसाने निसरडा झालेला डांबरी रस्ता, सावलीतील ओल, उधळलेली खडी, यांची प्रत्येकाची तळहाताला मिळणारी जाणीव निराळी असते, आणि कुशल चालक ती वर्तमानपत्र वाचावे तितक्या सहजतेने वाचीत असे.

हाताप्रमाणे पायालाही शिक्षण लागे. गिअरचे दाते आपोआप जुळविणारी सिंक्रोमेश रचना कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली प्रथम आणली. तिच्या पूर्वीच्या मोटारींत खालचा गिअर टाकणे ही एक छोटी कसरतच होती. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला झटका द्यायचा, इंजिनाचा सूर हवा तेवढा चढला की पुन्हा क्लच दाबून दांडा सरकवायचा. सूर चुकला की दात दातांवर करकरत आणि चालकाची लाज चव्हाट्यावर येई. आंबोलीच्या घाटातून जुन्या एस.टी. गाडीने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना चढावर मध्येच इंजिन गुरकावून गिअर बदलणारे ते 'डबल क्लच'वाले चालक आठवतील. शर्यतीचा चालक हेच काम ब्रेक दाबलेला असतानाच, एकाच उजव्या पायाने दोन पेडल सांभाळून करी. १९५० नंतरच्या दशकातील नामांकित मासेराटी २५० एफ या गाडीत तर ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे होता. सवय नसलेल्या माणसाने ती चालविण्याची कल्पनाही भयंकर आहे.

तथापि या आठवणींत रमणाऱ्यांनी हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मॉसच्या विजयानंतर सहा आठवडेही लोटले नव्हते, तोच ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँच्या शर्यतीत त्याच जातीची एक मर्सिडीज पुढच्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत घुसली. चालक पिएर लव्हेघ आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले. १२ मे १९५७ रोजी मिल्ले मिल्यामध्येच पोर्तागो या स्पॅनिश सरदाराच्या फेरारीचा टायर गुईदित्सोलो गावाजवळ फुटला. तो, त्याचा सोबती आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ जण ठार झाले. त्यांतील पाच मुले होती. रस्त्यावरची ती वेगाची शर्यत त्यानंतर बंद पडली. फुटणारा टायर तळहाताला आगाऊ सूचना देत नाही. आणि ज्या मुलांचा बळी गेला, त्यांच्या हातात तर स्टिअरिंगही नव्हते.

म्हणून चालक आणि रस्ता यांच्यामध्ये जे मध्यस्थ आले, ते निष्कारण आले असे म्हणता येत नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० नंतरच्या दशकात लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून अंग बांधवून घेतलेली नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग डौलात राजेशाही होती. परंतु ते अजस्र धूड वळविण्याचे काम मात्र नांगर धरणाऱ्या बाहूंचेच होते. क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये तेलाच्या दाबाने साहाय्य करणारे स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत बसविले आणि हे कष्ट संपत चालले. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत बॉशची अशी ब्रेकरचना आली की, ती चाक अडकू लागताच क्षणात ब्रेक ढिला करून पुन्हा दाबते. चाके अडकली की गाडी वळविता येत नाही. या रचनेने किती जीव वाचविले असतील! पुढे ॲक्सिलरेटरची तार गेली आणि तिच्या जागी विजेचा संदेश आला. २०११ मध्ये, १९६३ पासून चालत आलेल्या पोर्शच्या ९११ या गाडीनेही विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग स्वीकारले, तेव्हा तिच्या जुन्या चाहत्यांनी घरातले माणूस मुके झाल्यासारखा शोक केला.

यांतील हरपलेल्या गोष्टीचा शोध काहींनी मुद्दाम घेतला. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने १९६२ मध्ये लोटस एलान काढली. पाठीच्या कण्यासारखा एकच पोलादी सांगाडा, वर फायबरग्लासचे अंग, आणि वजन सातशे किलोंहूनही कमी. गाडीच हलकी असल्यावर स्टिअरिंगला मदतनीस कशाला हवा? दरबानमध्ये जन्मलेले अभियंते गॉर्डन मरे यांनी १९९२ मध्ये मॅक्लारेन एफ वन जगापुढे ठेवली. चालकाचे आसन मधोमध, इंजिन सहाशेंहून अधिक अश्वशक्तीचे. परंतु स्टिअरिंगला साहाय्य नाही आणि चाके अडकू न देणारी ती ब्रेकरचनाही नाही. एवढे करूनही एलानचे स्टिअरिंग आपल्याला तिच्यात साधता आले नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली आहे. जेमतेम शंभराच्या वर बनलेल्या त्या गाड्या आज संग्राहकांच्या कुलपात आहेत, हा भाग निराळा.

सामान्य माणसाच्या आवाक्यातील उत्तर दिले ते जपानने. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ ही लहानशी, उघडी, दोन आसनांची मोटार मांडली. स्वार आणि घोडा एकजीव, या अर्थाचा 'जिम्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग तिच्या कर्त्यांनी ध्येय म्हणून पुढे ठेवला होता. इंजिन अवघे १.६ लिटरचे, वेगात कितीतरी गाड्या तिला मागे टाकीत. परंतु पाय हलताच मागच्या चाकांनी विलंब न लावता उत्तर द्यावे, म्हणून गिअरपेटी आणि मागचा डिफरन्शियल एका लांब चौकटीने जखडलेले होते. धुराड्याच्या आवाजावरही मेहनत घेतली होती. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या.

२०१५ मध्ये विक्रीस आलेल्या तिच्या चौथ्या पिढीत स्टिअरिंगला विजेचे साहाय्य आले. गिअरचा दांडा मात्र अजूनही थेट गिअरपेटीत उतरतो.