अन्ननलिका स्टेंटनंतरची श्वसनमार्गातील गुंतागुंत

अन्ननलिकेच्या कर्करोगात गिळण्याचा मार्ग खुला ठेवण्यासाठी बसवलेल्या स्टेंटमुळे श्वासनलिकेवर दाब येणे, अन्न वा लाळ फुप्फुसात जाणे किंवा दोन्ही नलिकांमध्ये छिद्र पडणे, यांस श्वसनमार्गातील गुंतागुंत म्हणतात. ती क्वचित आढळते; परंतु प्राणघातक ठरू शकते.

कारणे
स्टेंट ही बहुधा नायटिनॉल या मिश्रधातूची, आपोआप फुलणारी जाळीदार नळी असते. ती घातल्याने कर्करोग बरा होत नाही. मात्र रुग्णाला तोंडाने अन्न घेता येते. श्वासनलिका अन्ननलिकेच्या अगदी पुढे असते. तिच्या मागील भिंतीत कूर्चा नसल्यामुळे फुलणारा स्टेंट व गाठ मिळून तिला आत दाबू शकतात. अन्ननलिकेच्या वरच्या व मधल्या भागातील गाठींत हा धोका अधिक असतो.

लक्षणे
दाब आल्यास स्टेंट बसवताच किंवा थोड्या काळात धाप लागते आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. पाणी पिताच ठसका लागणे हे छिद्राचे, म्हणजेच फिस्टुलाचे, सूचक लक्षण आहे. असे छिद्र मूळ रोगामुळे, किरणोपचारानंतर किंवा स्टेंटच्या कडेच्या घर्षणामुळे पडते. वारंवार होणारा न्यूमोनिया हेही त्याचे लक्षण असते.

प्रतिबंध व उपचार
गाठ श्वासनलिकेजवळ असल्यास स्टेंट बसवण्यापूर्वी सीटी स्कॅन व ब्रॉन्कोस्कोपी करतात. श्वासमार्ग आधीच अरुंद असल्यास प्रथम श्वासनलिकेत स्टेंट बसवतात. नंतर दाब आल्यास अन्ननलिकेतील स्टेंट तातडीने काढतात किंवा श्वासनलिकेत स्टेंट घालतात. फिस्टुला आवरणयुक्त स्टेंटने झाकता येतो. म्हणजे जे साधन कधी छिद्रास कारण होते, तेच त्यावरील उपायही ठरते.

खानदेशातील संदर्भ
धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी येथील अनेक रुग्ण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. मुंबईपासून धुळे सुमारे सव्वातीनशे, तर जळगाव रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे स्टेंट बसवून गावी परतलेल्या रुग्णाला धाप लागल्यास मुंबईला निघण्याऐवजी प्रथम जवळच्या सुसज्ज रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते. अशा वेळी रुग्णाला बसते ठेवतात, तोंडाने काहीही देत नाहीत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतात. स्टेंटची कागदपत्रे सोबत असल्यास निर्णय लवकर घेता येतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यात धुळे जिल्हा होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ती आता राज्यभर असून तीत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

आहार
कळण्याची कोरडी भाकरी, मांसाचे मोठे तुकडे व धागेदार भाज्या स्टेंटमध्ये अडकू शकतात. मऊ खिचडी, पातळ वरण व कुस्करलेले केळे सोयीचे ठरते. रुग्णाने बसून, लहान घास घ्यावेत, मध्ये थोडे पाणी प्यावे आणि जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये. पाण्याने ठसका लागू लागल्यास आहार बदलत न बसता खाणेपिणे थांबवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.