मुंबापुरीचीं जुनीं देवळें व नवीं घरें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें देवळाचा इतिहास लिहावा अशी रीत आहे. परंतु आपल्या देवळाची हकिकत या पुस्तकांत अन्यत्र आलीच आहे. म्हणून ज्या शहराच्या पोटांत आपलें गांवठाण वसलें आहे, त्या शहरांत आपल्या लोकांच्या जुन्या इमारतींचें काय झालें, तें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत निव्वळ विलापाचा हेतु नाहीं. गतवर्षापासून आपल्या गांवठाणांतील कित्येक घरमालकांच्या दारीं पुनर्विकासाचे करारनामे येऊन पडले आहेत, आणि सही करावी कीं करूं नये हें विचारण्यास कांहीं कुटुंबें आम्हांकडे येऊन गेलीं. हा लेख मुख्यतः त्यांच्याकरितां आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वजांचीं देवळें अढळ होतीं आणि मोडतोड ती काय आजच्या बिल्डरांनींच आरंभिली, असें मुळींच नाहीं. एस्पेरान्सा मातेचें देऊळ एके काळीं किल्ल्याबाहेरच्या मैदानावर होतें. किल्ल्यावरील तोफांपुढें मोकळी जागा असावी म्हणून इंग्रजांनीं १७६० च्या सुमारास तें पाडविलें, व त्याऐवजीं भुलेश्वराकडे दुसरें उभें राहिलें. मैदानावर क्रूस तेवढा उरला. आणि आज ‘क्रॉस मैदान’ म्हणतांना हजारों लोक नकळत त्या गेलेल्या देवळाची आठवण काढतात. माझगांवांत १६३२ सालीं बांधलेलें ग्लोरिया मातेचें देऊळ १९११ सालीं पाडण्यांत आलें, आणि १९१३ पर्यंत भायखळ्यास उंच मनोऱ्याचें, गॉथिक धर्तीचें नवें देऊळ तयार झालें. देऊळ हललें, पण वस्ती हलली नाहीं. माथारपाखाडीचे लोक तेथेंच राहिले व रविवारीं मिस्सेला थोडें अधिक चालूं लागले. ज्या पाखाडींत १८६४ सालीं लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा जन्मले, आणि जेथून निघून ते १९२५ सालीं या शहराचे महापौर झाले, ती पाखाडी देवळावांचूनही आपलें ख्रिस्ती वळण राखून होती.

याच्या अगदीं उलट गोष्ट अंधेरीची. १५७९ सालीं जेज्वीट धर्मगुरूंनीं बांधलेलें बाप्तिस्ता योहानाचें देऊळ तेथें होतें. १८४० सालीं सांथ आली, आणि गांवकरी मरोळास निघून गेले. जातांना मूर्ति, खांब व बाप्तिस्म्याचें कुंड बरोबर नेलें. मागें राहिलेल्या भिंतींवर झाडें वाढलीं. पुढें १९७३ सालीं तेथें निर्यातीच्या कारखान्यांची ‘सीप्झ’ वसाहत झाली, आणि आतां ते अवशेष तिच्या कुंपणाच्या आंत आहेत. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, सणाला भाविकांस आंत सोडतात व उघड्या आकाशाखालीं मिस्सा होते. दगड तेथें आहेत, पण तेथें कोणी राहत नाहीं.

नव्या बांधणीविषयीं आमचें मन कलुषित नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. माहीमचें मिखाएलाचें देऊळ १५३४ पासूनचें. आजची इमारत मात्र १९७३ ची आहे, आणि बुधवारच्या नोव्हेनाला लोटणारी गर्दी जुन्या इमारतींत मावली असती असें कोण म्हणेल? दादरच्या साल्व्हासांव मातेच्या देवळाचें उदाहरण याहूनही मोठें. त्याची स्थापना १५९६ ची; परंतु हल्लींचें देऊळ चार्ल्स कोरिया या थोर वास्तुशास्त्रज्ञानें १९७४ ते १९७७ या काळांत उभारलें. शिंपल्यासारखीं सिमेंटचीं छतें, कांहीं जागा झांकलेल्या, कांहीं आकाशाला मोकळ्या, आणि उकाड्यांतही वारा खेळता. सेमिनरींत असतांना आम्हीं तें प्रथम पाहिलें तेव्हां तें आम्हांस देऊळच वाटेना. आज आम्ही त्यास या शहरांतील उत्तम देवळांत गणतों. अंगणांतून देवळांत व देवळांतून अंगणांत जाण्याची आपली जुनी गांवठाणी चाल त्या गृहस्थानें सिमेंटमध्यें राखली.

तेव्हां जुनें पाडून नवें बांधणें हा दोष नव्हे. पाडल्यावर माणसें कोठें जातात, हा खरा प्रश्न होय.

गिरगांवांतील खोताची वाडी पाहावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थानें आपली जमीन तुकड्यातुकड्यांनीं आपल्या लोकांस दिली. बाहेरून चढणारा लांकडी जिना, पुढें ओसरी, वर कौलें, कठड्याला नक्षी, अशीं सुमारें ६५ घरें तेथें होतीं. आज त्यांपैकीं निम्मींही उरलेलीं नाहींत. यास केवळ लोभ कारण नव्हे. १९४७ च्या कायद्यानें भाडीं गोठलीं. १९९९ सालीं नवा कायदा आला, तरी जुनीं भाडीं फारशीं हललीं नाहींत. जिन्याची एक पायरी बदलण्यास सुतार जें मागतो तें वर्षाच्या भाड्यांत निघत नाहीं. त्यांत एका घरास दहा वारस. दोघे कॅनडांत, एक आखातांत, आणि छपराखालीं बादली ठेवून बसलेली एकटी मावशी येथें. तिनें सही केली तर तिला दोष देण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

परंतु घराबरोबर काय जातें, तें करारनाम्यांत लिहिलेलें नसतें. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणतात. विहीर बुजविली कीं तें नळावरून आणावें लागतें, व म्हाताऱ्या बायका तोंड फिरवितात. एप्रिलमध्यें बाटली मसाल्याच्या मिरच्या अंगणांत वाळतात. पंधराव्या मजल्यावर त्या कोठें पसराव्या? आणि वाटेवरचे क्रूस! १८९६ च्या प्लेगांत, घरोघरीं माणसें मरत असतां, पुष्कळ गांवठाणांतून ते उभारले गेले. ते कोणा एकाच्या मालकीचे नाहींत, आणि म्हणूनच नकाशा काढणारास ते दिसत नाहींत.

सरकारनें १९९५ सालीं वारसा इमारतींचे नियम केले. या देशांत मुंबई या कामीं पहिली. तीन श्रेणी ठरल्या. सर्वांत खालच्या श्रेणींतील घरांस संरक्षण तोकडें आहे, आणि आपल्या लोकांचीं घरें बहुतेक त्याच श्रेणींत पडतात. शिवाय नियम भिंत राखील, पण छपराच्या डागडुजीस पैसा देणार नाहीं.

म्हणून सही करणारांस आमचें सांगणें एवढेंच आहे. एकट्यानें करूं नये. वाडींतील सर्व कुटुंबांनीं मिळून वकील द्यावा. विहीर व क्रूस यांच्या जागा नकाशावर दाखवून घ्याव्या, आणि त्या तशाच राहतील असें करारांत लिहवून घ्यावें. नव्या इमारतींत आपल्याच वाडींत परत येण्याचा हक्क पैशाच्या मोहानें विकूं नये. आणि घर पाडण्यापूर्वीं त्याचें मोजमाप व छायाचित्रें घेऊन एक प्रत देवळाच्या कचेरींत द्यावी; बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशेजारीं तिला जागा आहे. आतांपर्यंत चार घरांचीं आलीं आहेत.

मे महिन्यांतील जपमाळ यंदाही जुन्या क्रूसापाशींच होईल. त्याच्या दोहों बाजूंच्या घरांचे करारनामे अद्याप सहीवांचून आहेत.