आडनाव, माहेरचे नाव आणि न घेतलेले नाव

आपल्या घराण्याची वंशावळ लिहावयास बसणाऱ्या समाजबांधवांना एक अनुभव हटकून येतो. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, मूळ गाव, आडनाव, सारे सापडते. पणजीचे मात्र सासरी ठेवलेले नाव तेवढे सापडते. माहेरचे नाव व आडनाव विचारले की वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

आडनावे टिकली, कारण ती कामाची, मानाची वा वतनाची होती. दोशी म्हणजे कापडाचा व्यापारी, गांधी म्हणजे सुगंधी द्रव्ये व किराणा विकणारा, कोठारी म्हणजे कोठाराची व्यवस्था पाहणारा. संघवी हे आडनाव यात्रासंघ नेणाऱ्या पूर्वजाचा मान सांगते. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात पाटील, चौगुले ही गावगाड्यातील वतनाची नावे, तर उपाध्ये हे पौरोहित्याचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा. यातील ‘गोंडा’ म्हणजे कानडी ‘गौड’, अर्थात पाटीलच! एकच मान नावातही आणि आडनावातही असा दुहेरी नांदला. तरीही व्यवहारात आडनावाचे अडत नसे. सोलापूरच्या दोशी घराण्यातील उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांना जग वडिलांच्या नावानेच ओळखते. पुढे शाळेचा दाखला, कोर्टकचेरी आणि जमिनीची दप्तरे यांनी आडनाव पक्के केले.

त्याआधीची नोंद पाहावयाची तर आपल्या प्रतिमालेखांकडे वळावे लागते. मध्ययुगीन धातुप्रतिमांच्या पाठीवर ज्ञाती, श्रेष्ठीचे नाव आणि त्यानंतर ‘भार्या’ किंवा नुसते ‘भा.’ असे लिहून पत्नीचे नाव कोरलेले वारंवार आढळते. आडनाव नाही, पण गृहिणी आहे. अबूच्या लूणवसहीचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. प्राग्वाट ज्ञातीच्या तेजपाल मंत्र्याने विक्रम संवत १२८७ मध्ये (इ. स. १२३०-३१) हे मंदिर उभारले, ते पत्नी अनुपमादेवी व पुत्र लावण्यसिंह यांच्या पुण्यवृद्धीसाठी, असे तेथील प्रशस्ती सांगते. दगडावर पत्नीचे नाव कोरण्यास तेव्हा कोणालाही संकोच वाटला नाही.

संकोच होता तो उच्चाराचा. पतीचे नाव घेतल्यास त्याचे आयुष्य उणावते, ही समजूत सर्वच समाजांत होती. म्हणून ‘अहो’, ‘इकडून’, ‘स्वारी’, ‘घरधनी’, ‘कारभारी’ अशी वळणे आली. कानडी सीमेवरच्या घरांत ‘री’ आले. पुरुषही पत्नीला नावाने क्वचितच हाक मारी. ‘कुटुंब’, ‘मंडळी’, नाहीतर थोरल्या मुलाचे नाव घेऊन ‘अमक्याची आई’. नाव घ्यावयाची मुभा उखाण्यात तेवढी, तीही चारचौघींच्या आग्रहाखातर. ह्या शब्दांत माधुर्य होते हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. पण पतीचे नाव न घेताही ते दप्तरात राहिले, पत्नीचे मात्र राहिले नाही, हा फरक विसरता येत नाही.

विवाहात मुलीचे नाव बदलले जाई. मनकर्णिका गोखले हिची अशीच लक्ष्मीबाई टिळक झाली. आपल्या समाजाबाहेरचे हे उदाहरण येथे घेण्याचे कारण असे की, १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त ह्या बाईंनी पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा केला. नाव टाळावयाचे म्हणून आडनाव पुढे केले, आणि तेच आडनाव त्यांचे स्वतःचेही होते! त्यांनी लिहिले म्हणून त्यांचे माहेरचे नाव उरले. आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकींनी काही लिहिले नाही.

आता नवी पिढी एकमेकांना नावानेच हाक मारते, आणि पुष्कळ मुली विवाहानंतर आडनाव बदलीत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. जुन्या प्रतिमांवर ‘भार्या’ लिहून जे होत होते, ते आता ह्या वाटेने पुन्हा आले आहे.

मागचे मात्र कायद्याने येणार नाही. ज्या घरी ऐंशी ओलांडलेली आजी आहे, त्या घराने या पर्युषणात तिच्यापाशी बसून तिचे, तिच्या सासूचे आणि जमल्यास आजेसासूचे माहेरचे नाव, आडनाव व गाव विचारून घ्यावे आणि वंशावळीत त्या-त्या पुरुषाच्या नावाशेजारी पूर्ण लिहावे. ‘सौ.’ एवढ्यावर भागवू नये.