ठसा कोणाचा?

इतिहासाच्या वर्गात मी साधने शिकवतो: ताम्रपट, शिलालेख, दफ्तरे. पण ज्यांच्या नावे कधी ताम्रपट निघाला नाही, त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? माझ्या वडिलांची लेखी खूण एवढीच, रोजगार हमीच्या हजेरीपटावर उठवलेला शाईचा अंगठा.

या प्रश्नाचे एक उत्तर मला अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावती बेटी सार यांच्या ‘ब्लॅक गर्ल्स विंडो’ या कलाकृतीत सापडले. सार यांचा जन्म १९२६ चा, लॉस एंजेलिसमधला. त्या मूळच्या मुद्राचित्रकार. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, शाई भरायची, कागदावर ठसा घ्यायचा, हे त्यांचे काम. लहानपणी वॉट्स वस्तीत त्यांनी सायमन रोडिया या इटालियन मजुराला फुटकी भांडी, शिंपले, काचांचे तुकडे जोडून मनोरे उभारताना पाहिले होते. १९६५ मध्ये त्याच वॉट्समध्ये असंतोषाचा भडका उडाला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, सार यांनी एका जुन्या लाकडी खिडकीत आपले ठसे बसवले.

वरच्या नऊ लहान तावदानांत चंद्र, सिंह, सांगाडा, एक जुने छायाचित्र. खाली मोठ्या काचेमागे काळी मुलगी, दोन्ही तळवे काचेला टेकवून उभी. आपण हललो की तिचे डोळे उघडतात, मिटतात. पाहणारे आपण, की ती?

एका तावदानात कवटीचा नकाशा आहे. डोक्याच्या ठेवणीवरून माणसाची लायकी ठरवणारे ते थोतांड गोऱ्यांच्या वर्चस्वाला शास्त्राचा मुलामा देत होते. आपल्याला हे परके नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिझले नाकाच्या मापावरून जातींची प्रतवारी लावत होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेली नाकाची मापेच पुराव्याला घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही हे दाखवले. मापणाऱ्याची फूटपट्टी त्याच्यावरच उलटवली.

सार यांची रीत हीच. १९७२ मध्ये त्यांनी काळ्या मोलकरणीची टिंगल करणारी एक बाजारू बाहुली घेतली. तिच्या एका हातात झाडू राहू दिला, दुसऱ्या हातात बंदूक दिली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले. दोन खंडांतल्या उपेक्षितांना एकाच काळात एकच गोष्ट उमगली होती: अपमानाचे साधनही आपले हत्यार होऊ शकते.

आता प्रश्न आपल्याला आहे. जुनी हस्तपत्रके, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, मोर्च्यांची भित्तिपत्रके, अंगठे उठवलेले कागद आपल्याच घरांतून रद्दीत जात आहेत. प्रस्थापितांचे दफ्तर ते जपणार नाही. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आपल्या वस्तीपासून सुरुवात करावी. रद्दीवाला दारात येण्याआधी ते कागद उचलावेत. आपला ताम्रपट तोच आहे.