हांव सायबा पलतडीं वेतां

गोव्यातील एक अतिशय लोकप्रिय कोंकणी देखणी (नृत्यगीत). रचनाकार कार्लुस एउजेनियु फेरैरा. ती प्रथम १८९५ मध्ये पॅरिसला छापली गेली आणि १९२६ मध्ये गोव्याच्या तिपोग्राफिया रांजेल छापखान्यातून पुन्हा प्रसिद्ध झाली.

आशय : पैलतीरी दामूचे लग्न आहे. मांडवात नाचायला निघालेली कलावंतीण तारीकडे (नावाड्याकडे) पार नेण्याची विनवणी करते. पायांतल्या पैंजणांसह एकेक दागिना ती पुढे करते. तारी प्रत्येक वेळी नकार देतो. तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर, सिंधुदुर्गात आणि पेडण्यात, पूल होण्यापूर्वी होडीवाचून पलीकडचे लग्न गाठता येत नसे. त्यामुळे मालवणी श्रोत्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

गायन व साथ : देखणी ही ख्रिस्ती घरांतून वाढली, मात्र तिचे विषय आणि वेशभूषा हिंदू कलावंतिणींची. मांडो या संथ गीतप्रकाराच्या तुलनेत तिची चाल खेळती असते. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मडके. एका तोंडावर कातडे ताणतात, दुसरे उघडे ठेवून त्यावर तळहात कमी-अधिक दाबत नाद बदलतात. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर (१९७२) बकऱ्याचे रूढ झाले.

रूपांतर : या देखणीला दुसरा जन्म राज कपूर यांच्या ‘बॉबी’ या चित्रपटात (१९७३) लाभला. ‘ना मांगूं सोना चांदी’ या गीतासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तिची चाल घेतली; शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे, मुख्य स्वर मन्ना डे यांचा. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या अशा वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडवला, हे ऋण मोठे आहे.

या रूपांतराचे मोल केवळ चालीपुरते नाही. दागिने नाकारण्याचा मूळ धागा चित्रपटगीताने जपला. देखणीतला तारी दागिने नाकारून वाट अडवतो. चित्रपटातील गाणारा ते नाकारून त्याऐवजी हृदय मागतो.