पुस्तक, मक्ता आणि न्यायालय

डॉ. जॉन्सनची 'कवींची चरित्रे' आम्ही विद्यार्थिदशेत वाचली ती समीक्षेच्या इतिहासातला एक टप्पा म्हणून, आणि पुढे शिकवली तीही तशीच. काउलीच्या प्रकरणातले 'मेटॅफिजिकल' कवींचे विवेचन, मिल्टनविषयीचा राजकीय आकस, ग्रेच्या ओडांविषयीची अढी, हे सारे परीक्षेला येते. एक साधा प्रश्न मात्र वर्गात सहसा विचारला जात नाही. हे ५२ कवीच का? चॉसर नाही, स्पेन्सर नाही, डन नाही. एकही स्त्री नाही. याचे उत्तर जॉन्सनच्या अभिरुचीत शोधू जावे तर हाती फारसे लागत नाही, कारण यादी मुळात त्याची नव्हतीच. चारपाच नावे त्याच्या आग्रहाने आत आली, एवढेच. बाकीची निवड लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी केली होती, आणि ती करताना त्यांच्या डोळ्यांपुढे काव्यशास्त्रापेक्षा नुकताच हातून गेलेला एक मक्ता होता.

'मक्ता' हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. मक्ता म्हणजे सरकारने काही मोबदल्यावर दिलेला ठेका. मराठीतल्या 'मक्तेदारी' या शब्दाने आपले मूळ बाजारात नसून दरबारात आहे हे लपवलेले नाही. इंग्लंडातही तेच घडले. १५५७ साली राणी मेरीने लंडनच्या 'स्टेशनर्स कंपनी'ला सनद दिली. छपाईचा जवळजवळ सर्व अधिकार या एका संघाकडे आला. मोबदल्यात पाखंडी आणि राजद्रोही पुस्तकांवर नजर ठेवण्याचे काम संघाने पत्करले. राजाला पहारेकरी मिळाला, व्यापाऱ्याला मक्ता मिळाला. या व्यवहारात लेखक कोठेच नव्हता. पुस्तक संघाच्या वहीत ज्याच्या नावे चढले त्याचे, आणि तो सभासद, म्हणजे छापणारा किंवा विकणारा.

१६९५ मध्ये छपाईच्या परवान्यांचा कायदा संपला. १७१० चा राणी ॲनच्या काळातला कायदा आला, त्याने पुस्तकावरच्या हक्काला प्रथमच मुदत घातली: नव्या पुस्तकाला १४ वर्षे, लेखक हयात असल्यास आणखी १४, आणि आधी छापलेल्या पुस्तकांना एकदाच २१ वर्षे. म्हणजे शेक्सपिअर, मिल्टन १७३१ नंतर सर्वांचे व्हायला हवे होते. लंडनच्या विक्रेत्यांना हे मानवणे शक्य नव्हते. त्यांनी युक्तिवाद काढला की, कायदा काहीही म्हणो, लेखकाचा आपल्या कृतीवरचा हक्क नैसर्गिक आणि म्हणून चिरंतन आहे, आणि तो आम्ही विकत घेतलेला असल्यामुळे आमचाही चिरंतन आहे. इंग्रजी न्यायालयांत 'लेखक' ही मूर्ती एवढ्या आदराने प्रथम मिरवली गेली ती ही अशी, पालखीचे भोई विक्रेते असताना.

ज्या काव्यावरून हा वाद निकाली निघाला ते जेम्स थॉमसनचे 'सीझन्स'. कवी १७४८ सालीच वारला होता. १७६९ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयाने चिरंतन हक्क मान्य केला. पण एडिंबरोच्या अलेक्झांडर डोनाल्डसनने, जो स्वस्त पुनर्मुद्रणांवरच जगत होता, हेच काव्य छापले आणि खटला उमरावांच्या सभेपर्यंत नेला. २२ फेब्रुवारी १७७४ रोजी सभेने चिरंतन हक्क नाकारला. एडिंबरोत बातमी पोचताच रोषणाई झाली आणि होळ्या पेटल्या. पुस्तकांच्या कायद्यातील एका मुद्द्यावर गावाने होळ्या पेटवाव्यात, हे दृश्य पुन्हा कोठे दिसल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढचे वेगाने घडले. जॉन बेल नावाच्या विक्रेत्याने १७७७ पासून दीड शिलिंगाच्या छोट्या खंडांत ब्रिटनचे सर्व कवी काढावयास घेतले. चॉसरपासून चर्चिलपर्यंत १०९ खंड (हा चर्चिल म्हणजे उपहासकार चार्ल्स, वर्गात दर वर्षी हा गोंधळ होतो). छपाई एडिंबरोची. लंडनचे सुमारे ४० विक्रेते एकत्र आले. ज्या कवींवर आपला हक्क रूढीने चालत आला आहे असे ते मानत होते, त्यांची स्वतंत्र माला त्यांनी ठरवली आणि बेलवर मात करण्यासाठी प्रस्तावना लिहिण्याचे काम देशातल्या सर्वांत मोठ्या नावाकडे सोपवले. १७७७ च्या ईस्टरच्या सुमारास तिघे प्रतिनिधी जॉन्सनच्या घरी गेले. इंग्रजी काव्याची परंपरा काउली आणि मिल्टनपासून सुरू होते असे त्या मालेवरून वाटते, ते मक्त्याच्या वहीत कोणती नावे होती यावरून.

यावरून विक्रेते सगळेच लबाड आणि मुक्त बाजार तेवढा वाङ्मयाचा कैवारी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. आम्ही एवढेच म्हणतो की, पुस्तकांच्या मक्त्याविषयीच्या प्रत्येक वादात लेखकाचे नाव ढालीसारखे पुढे केले जाते, आणि ढालीमागे कोण उभे आहे हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते. मेकॉलेने, आपल्या शिक्षणाच्या इतिहासात खलनायक ठरलेल्या त्याच मेकॉलेने, १८४१ च्या आपल्या भाषणात कॉपीराइटला सरळ मक्ता म्हटले. वाचकावर बसवलेला हा कर वाईटच, पण लेखकाला जगवण्याचा दुसरा मार्ग नाही म्हणून मर्यादित काळापुरता सोसायचा, असा त्याचा रोख होता. हा हिशेब निदान प्रामाणिक होता.

१८५२ साली मात्र लेखक स्वतःच उभे राहिले, आणि आश्चर्य म्हणजे विक्रेत्यांच्या संघाच्या विरुद्ध. संघाचा नियम असा की, छापील किमतीवर १० टक्क्यांहून अधिक सूट देणाऱ्याला माल मिळणार नाही. जॉन चॅपमन अमेरिकेतून पुस्तके आणून थोड्या नफ्यावर विकत असे. त्याचा पुरवठा तोडला गेला. ४ मे रोजी स्ट्रँडवरील १४२ क्रमांकाच्या त्याच्या घरी सभा भरली. अध्यक्ष डिकन्स. त्याच घरात राहणारी आणि 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'चे संपादन सांभाळणारी मेरियन एव्हन्स नावाची एक तरुणी सभेला हजर होती. पाहुणे गेल्यावर मध्यरात्रीनंतर तिने चॅपमनच्या सन्मानार्थ पियानोवर विजयगीत वाजवले. जॉर्ज एलियट हे नाव तिने अजून घेतले नव्हते. प्रकरण लवादाकडे गेले; लॉर्ड कॅम्पबेल, इतिहासकार ग्रोट आणि डीन मिलमन या तिघांनी संघाविरुद्ध कौल दिला आणि संघ मोडला.

हा विजय चाळीसएक वर्षे टिकला. सूट देण्याच्या चढाओढीत दुकानदार कंगाल झाले, आणि ज्या दुकानात मंद खपाची पुस्तके वर्षभर फळीवर राहत ती दुकानेच मिटू लागली. १८९० साली प्रकाशक फ्रेडरिक मॅकमिलन याने एक पुस्तक 'नेट', म्हणजे विनासूट किमतीला, काढून पाहिले. ते पुस्तक होते आल्फ्रेड मार्शलचे 'अर्थशास्त्राची मूलतत्त्वे'. स्पर्धेचे गणित जगाला शिकवणारा ग्रंथ किमतीची स्पर्धा थांबवण्याच्या प्रयोगासाठी निवडला जावा, आणि त्याच वर्षी अमेरिकेत शर्मनचा मक्तेदारीविरोधी कायदा व्हावा! १ जानेवारी १९०० पासून या प्रयोगाचा 'नेट बुक करार' झाला. प्रकाशक ठरवील ती किंमत, सर्व दुकानांत एकच.

या कराराची खरी परीक्षा १९६२ मध्ये झाली. व्यापारातील निर्बंधांची तपासणी करणारे खास न्यायालय ब्रिटनमध्ये तोवर स्थापन झाले होते, आणि किमती बांधून घेणारे एकेक करार तेथे मोडीत निघत होते. पुस्तकांचा टिकला. पुस्तके ही इतर मालासारखी नाहीत, हा युक्तिवाद न्यायमूर्ती बक्ले यांनी मान्य केला, पण तो भावनेवर नव्हे. करार गेला तर माल साठवणारी दुकाने कमी होतील, किमती वाढतील आणि कमी पुस्तके निघतील, असा त्यांचा हिशेब. खपाऊ पुस्तकावरचा नफा कवितेच्या पुस्तकाला फळीवर ठेवतो, असे त्याचे तात्पर्य आम्ही काढतो. १९९५ मध्ये मोठ्या प्रकाशकांनीच करारातून अंग काढून घेतले आणि मार्च १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने तो लोकहिताविरुद्ध ठरवला. नंतर गाजलेली पुस्तके सुपरमार्केटात भाजीशेजारी निम्म्या किमतीला मिळू लागली, छोटी दुकाने मिटत गेली. निघणाऱ्या पुस्तकांची संख्या मात्र घटली नाही. म्हणजे १९६२ चा हिशेब अर्धा खरा ठरला. फ्रान्सने १९८१ च्या लांग कायद्याने उलटी वाट धरली: सूट जास्तीत जास्त ५ टक्के. आपल्याकडे असा कायदा कधी झाला नाही, आणि प्रदर्शनातली सूट हा मराठी वाचकाला आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो. आम्हीही त्याला अपवाद नाही. असो.

अमेरिकेत दरम्यान कायद्याची दृष्टी बदलली होती. रॉबर्ट बोर्क यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर मक्तेदारी मोजण्याचे माप 'ग्राहकाचे हित' हे ठरले, आणि व्यवहारात ते बहुतेक वेळा किमतीपुरते उरले. या मापाचा पेच ई-पुस्तकांच्या खटल्यात उघडा पडला. २००७ मध्ये किंडल आले आणि ॲमेझॉनने नवी गाजलेली पुस्तके ९.९९ डॉलरला, पुष्कळदा खरेदीच्या भावाखाली, विकावयास सुरुवात केली. ई-पुस्तकांच्या बाजारात तिचा वाटा सुमारे ९० टक्के होता. २०१० मध्ये आयपॅड येताना पाच मोठ्या प्रकाशकांनी ॲपलशी संधान बांधले: किंमत प्रकाशक ठरवील, दुकानदार दलाली घेईल. किमती १२.९९ आणि १४.९९ वर गेल्या. २०१२ मध्ये सरकारने खटला भरला तो ॲमेझॉनवर नव्हे, ॲपल आणि प्रकाशकांवर. प्रकाशकांनी तडजोड केली; ॲपलविरुद्ध न्यायाधीश डेनिस कोट यांनी २०१३ मध्ये निकाल दिला, २०१५ मध्ये अपिलात तो दोन विरुद्ध एक मतांनी कायम राहिला, आणि ॲपलला तडजोडीचे ४५ कोटी डॉलर द्यावे लागले. कायद्याच्या अक्षरात निकाल बरोबर आहे. स्पर्धकांनी संगनमताने किंमत वाढवणे हा गुन्हाच. परंतु ९० टक्के बाजार एका हाती असताना दुसरा दुकानदार आत येणे हीच स्पर्धा होती, हे अपिलातील न्यायाधीश जेकब्स यांचे भिन्नमत आम्हाला अधिक दूरदृष्टीचे वाटते. लीना खान यांनी २०१७ साली विद्यार्थिदशेत लिहिलेला ॲमेझॉनवरचा गाजलेला लेख याच उणिवेवर बोट ठेवतो. खान पुढे केंद्रीय व्यापार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२३ मध्ये आयोगाने ॲमेझॉनवर मक्तेदारीचा खटला भरला.

त्याआधी एक वेगळी गोष्ट घडली. २०२० मध्ये पेंग्विन रँडम हाउसने सायमन अँड शुस्टर २१७.५ कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. सरकारने अडवले, आणि या वेळी आक्षेपाच्या केंद्रस्थानी पुस्तकाची किंमत नव्हतीच. आक्षेप असा की, हस्तलिखित विकत घेणारेच कमी झाले तर लेखकाला मिळणारी आगाऊ रक्कम घटेल. मक्ता विकणाऱ्याचा असतो तसा घेणाऱ्याचाही असतो, आणि घेणारा एकच उरला तर शेतकऱ्याचे काय होते हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टीफन किंग सरकारतर्फे साक्षीला उभे राहिले, तेही आपल्याच प्रकाशकाच्या विरुद्ध. ३१ ऑक्टोबरला न्यायाधीश फ्लॉरेन्स पॅन यांनी विलीनीकरण रोखले. लंडनच्या त्या पहिल्या सनदेनंतर साडेचारशे वर्षांनी लेखक ढाल म्हणून नव्हे, नुकसान सोसणारा म्हणून न्यायालयात मोजला गेला.

पण कोणता लेखक? खटल्यातला 'बाजार' अडीच लाख डॉलर वा त्याहून अधिक आगाऊ रक्कम मिळणाऱ्या पुस्तकांचा होता. दोन्ही कंपन्या मिळून त्यातला ४९ टक्के वाटा झाला असता. अशी पुस्तके एकूण करारांच्या केवळ २ टक्के, आणि आगाऊ रकमांपैकी ७० टक्के पैसा त्यांच्याकडे जातो. उरलेले ९८ टक्के, ज्यांत जवळजवळ सारी कविता, सारे अनुवाद आणि आमच्यासारख्यांची समीक्षा येते, निकालाच्या हिशेबाबाहेर राहिले. सायमन अँड शुस्टर पुढच्या वर्षी केकेआर या गुंतवणूक कंपनीने १६२ कोटींना घेतली. केकेआरची स्वतःची प्रकाशनसंस्था नसल्यामुळे स्पर्धक कमी झाले नाहीत आणि कायद्याला हरकत घ्यावयास जागा उरली नाही.

जॉन्सनपुढेही एकच गिऱ्हाईक होते. ४० विक्रेते मिळून झालेले एक. त्यांनी रक्कम त्यालाच सांगावयास लावली आणि त्याने २०० गिनी मागितल्या. एडमंड मलोनने नंतर नोंदवले आहे की, १००० किंवा १५०० मागितल्या असत्या तरी त्यांनी बिनतक्रार दिल्या असत्या, आणि पुढल्या पंचवीस वर्षांत त्यांनी बहुधा ५००० मिळवल्या.